शेकलेला गाल

दाताची नस काढली, आता हा दात मेला, असं डॉक्टरीणबाईनं मला आरसा दाखवून समजावलं होतं. मेलेला दात दुखतो का, हे तेव्हा विचारायचं सुचलं नाही. घरी आलो, भूल उतरली आणि तोच मेलेला दात ठणकायला लागला. जीभ नुसती लागली तरी कानापर्यंत कळ जायची.

पोरगा सुरतेला कापडाच्या कारखान्यात असतो. सुट्टी काढून आला, मला शहाद्याला नेऊन दाताचं पहिलं काम करून आणलं आणि परत गेला. दातात कच्चं सिमेंट भरलं होतं, पक्कं पुढच्या खेपेला. थोडे दिवस दुखेल, त्या बाजूनं चावायचं नाही, सूज आली तर लगेच यायचं, आणि गाल बाहेरून शेकायचा नाही. हे सगळं पोरानं जाताना त्याच्या बायकोला, म्हणजे माझ्या सुनेला सांगितलं. मला नाही. मी त्याचं ऐकत नाही हे त्याला माहीत आहे.

घोळ तिथेच झाला. आमच्या घरात सून सासऱ्याशी बोलत नाही. डोक्यावर पदर, मान खाली. मला काय हवं ते मी माझ्या बायकोला सांगायचो, ती आत जाऊन सुनेला सांगायची. सुनेचं उत्तरही तिच्याच तोंडून बाहेर यायचं, वर तिचे स्वतःचे दोन शब्द लावून. पोळ्यानंतर माझ्या बायकोला ताप आला. नंदुरबारला मोठ्या दवाखान्यात नेली, तिथून ती उठून आली नाही. मग घरात आम्ही दोघं उरलो आणि मधलं माणूस गेलं. सून चहाचा कप ठेवायची आणि भिंतीला सांगायची, "चहा ठेयेल शे." मी खाकरायचो. मला जेवायचं नसलं की दाराकडे बघून म्हणायचो, "आज भूक नही." असं चाललं होतं.

दाताचंही तसंच. भाकरी ताटात तशीच राहिली तेव्हा सुनेनं खिचडी टाकली, आणि चुलीकडे तोंड करून जरा जोरात म्हणाली, "डॉक्टरनी सांगेल शे, गाल शेकानं नही."

मी ऐकलं. नीट ऐकलं. पण मनात म्हटलं, ही कालची डॉक्टरीण, हिला काय माहीत. आमच्या गल्लीत कोणाचाही दात दुखला की माणूस गालाला हात लावून माझ्या बायकोकडे यायचा. ती तव्यावर जाडं मीठ तापवायची, जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधायची आणि गालावर दाबून धरायची. मला शेकताना म्हणायची, "हलू नका. बैलबी बरा, उभा तरी ऱ्हास."

दुसऱ्या दिवशी सून कापूस वेचायला शेतात गेली. मी उठलो, तवा ठेवला, मीठ तापवलं. लुगड्याचा तुकडा फडताळात होताच, बायकोनं बांधून ठेवलेला, गाठीसकट. गालावर धरला आणि बरं वाटलं. खरं सांगतो, फार बरं वाटलं. मीठ निवलं की पुन्हा तापवायचो. दुपारभर तेच केलं. ठणका तेवढा थांबलाही नव्हता, पण पुरचुंडी खाली ठेववत नव्हती.

सकाळी उठलो तर डावा डोळा अर्धाही उघडेना. गाल दगडासारखा घट्ट आणि तापलेला. तोंडात बोट जाईना. थुंकी गिळताना घशात काहीतरी आडवं येत होतं आणि अंगात ताप. मी डोक्याला उपरणं गुंडाळलं आणि ओट्यावर भिंतीकडे तोंड करून पडलो. सुनेनं चहा ठेवला. मी खाकरलो नाही. तिनं कप जरा आपटून ठेवला. तरी नाही.

मग तिनं नवऱ्याला फोन लावला. लागेना, पाळीवर असला की तो फोन पेटीत ठेवतो. परत लावला. मी पडल्या पडल्या ऐकत होतो. मनात एकच होतं, आता हे लोक मला नंदुरबारला नेतील. त्याच पायऱ्या, त्याच वासाच्या खोल्या. त्यापेक्षा इथं ओट्यावर जे व्हायचं ते होऊ दे.

"आबा."

मला वाटलं रस्त्यावरून कोणी हाक मारली.

"आबा, इकडे दखा. तोंड उघाडा."

वळून पाहिलं तर सून माझ्यासमोर उभी होती. पदर खांद्यावर. लग्न होऊन आल्यापासून तिनं मला अशी हाक मारली नव्हती. मी हातानंच, जा, असं केलं.

"शेकं ना तुम्ही?"

मी डोळे मिटले. दात दाबून कसाबसा बोललो, "माले कोठेच जानं नही. मरसू तं अठेच मरसू."

"मरा ना. आनि मी काय सांगू लोकेसले?" तिचा आवाज फाटला होता, पण मागं सरली नाही. "आईनी जाताना माले तुमना हवाली नही करं, आबा. तुमले मन्हा हवाली करेल शे. उठा."

मी उठलो. का उठलो ते मला आजही नीट सांगता येत नाही.

तिची स्कूटी दारात होती. सुनेच्या मागं सासरा बसलेला आमच्या गावानं तरी पाहिलेला नव्हता. पारावर म्हातारे बसलेच होते. त्यातला एक ओरडला, "काय भो, सुनबाईनी वरात काढी का?" मला तोंड उघडता येत नव्हतं, नाहीतर त्याला मी ऐकवलं असतं. सुनेनंच गाडी हळू केली. "दात दखाडाले चालनूत, बाबा. तुमना शे का एखादा? मांगे जागा शे." पारावर हशा झाला. आम्ही पुढं गेलो.

रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या लागलेल्या. मी मागची लोखंडी दांडी धरून बसलो होतो, अंग तिच्यापासून जितकं दूर ठेवता येईल तितकं. प्रत्येक खड्ड्याला जबडा कोणी उपटतंय असं व्हायचं. ती म्हणाली, "खांदा धरा, पडशात." मी धरला नाही. पुढं समोरून ट्रक आला, तिनं गाडी मातीत उतरवली, आणि माझा हात आपोआप तिच्या खांद्यावर गेला. नंतर तो मी काढला नाही.

शहाद्याला दवाखान्यात डॉक्टरीणबाईनं बॅटरी मारून पाहिलं आणि तिचा चेहरा बदलला. सुनेकडे वळली. "शेक दिलाय याला. मी स्पष्ट सांगितलं होतं. तुम्ही यांना सांगितलं नाही का?"

सुनेचा पदर परत डोक्यावर आला होता. काय सांगणार होती? चुलीला सांगितलं म्हणून?

डॉक्टरीण बोलतच होती, घरचे लोक असे निष्काळजी असतात, उद्या आला असता तर मोठ्या दवाखान्यात धाडावं लागलं असतं. मी डॉक्टरीणबाईचा हात धरला. तोंड उघडत नव्हतं, लाळ गळत होती, तरी बोललो. "तिनं सांगितलं होतं. मी ऐकलं. मीच शेकलं."

पुढचं सांगण्यासारखं नाही. जबडा जेवढा उघडला तेवढ्यातून डॉक्टरीणबाईनं सिमेंट काढलं, आणि तोंडात अशी घाण उतरली की मला ओकारी आली. पण ठणका बसला. बाहेर बाकावर बसून सून रडत होती, मला पाहून डोळे पुसले.

दात राहील की काढावा लागेल, ते डॉक्टरीण अजून सांगत नाही. रोज तो धुवून घ्यायला जावं लागतं. मागंच बसून जातो.

त्या दिवशी संध्याकाळी मी ओट्यावर पडलो होतो. सून पाण्याचा पेला घेऊन आली, ठेवला, आणि सवयीनं तोंड फिरवलं. "गोळी लेवानी येळ व्हयनी."

मी म्हटलं, "भिताडले काय सांगस बेटा? माले सांग."

ती थांबली. मग माझ्याकडे वळली आणि तेच पुन्हा म्हणाली.