केतकीला प्रसाद गाळून दिला

मैत्रिणींनो, आज घरी आलं ते असं: नारळ चाळीस रुपये, बारीक गाळणी साठ, आणि रिसालीहून आमच्या नणंदबाई, त्या फुकट!

माझ्या केतकीच्या जबड्याचं ऑपरेशन होऊन दुसरा आठवडा चालू आहे. खालचा जबडा पुढे होता, घास नीट चावताच येत नव्हता. सगळं सुखरूप पार पडलं म्हणून आज देवीला नारळ फोडला.

नणंदबाई म्हणाल्या, "वहिनी, प्रसादाले नाही म्हणू नये. पोरीले एवढासा तुकडा तर द्या."

माझाही हात पुढे झाला. केतकी मागे सरकली. सुजलेल्या तोंडाने कसंबसं म्हणाली, "आत्या, हाड अजून जुळून राहिलं. चावलं तर हलून जाईल ना!"

मग मी खोबरं वाटलं, दूध काढून गाळलं, गूळ विरघळवला. ओठ अजून बधिर आहे, थोडं ओघळलं. पण पोरीनं वाटी संपवून पुन्हा पुढे केली. देवीला पोचलंच की!

तुमच्याकडे हे ऑपरेशन व्हायचं असेल, तर किती दिवस पातळ खायचं आणि सूज, बधिरपणा कधी उतरेल, हे डॉक्टरांना आधीच विचारा.

डाळीच्या पाण्याला केतकी कंटाळली आहे. गाळून देण्यासारखं, पोटभरीचं आणखी काय करू? उलट टपाली कळवा.