सुंठ जरा जास्त झाली

माझ्या सासूबाई रंगूबाई यांना गावात कुणी करारी म्हणतं, कुणी खाष्ट म्हणतं. दोन्ही खरं आहे. पंधरा वर्षं त्यांच्या हाताखाली काढलेली मी त्यांची एकुलती एक सून, तेव्हा हे सांगायचा हक्क माझ्याइतका दुसऱ्या कुणाला नाही. मी त्यांना आत्या म्हणते. आमच्याकडे सासूला तसंच म्हणतात. त्या मला खुशीत असल्या की मोनिका म्हणतात आणि एरवी केडगाववाली. माझं माहेर केडगावचं, नगर शहराला अगदी खेटून, आणि शहराजवळच्या पोरींना काही येत नाही हे आत्यांनी लग्नाच्या आधीच ठरवून टाकलेलं होतं.

आमचं गाव संगमनेरच्या पुढे, प्रवरेच्या काठाला. गावात रामाचं मंदिर आहे. रामनवमीला दुपारी बारा वाजता पाळण्याची दोरी ओढतात, गुलाल उधळतात, आणि मग प्रत्येकाच्या तळहातावर चिमूटभर सुंठवडा पडतो. हा सुंठवडा तीस वर्षं आत्या करत आल्या आहेत. त्यांच्या आधी त्यांच्या सासू चांगुणाबाई करायच्या. मंदिराचे पंच बदलले, पुजारी बदलले, पत्रा जाऊन वर स्लॅब आला, पण सुंठवडा आमच्याच घरातून गेला. आत्यांच्या अंगावर सोनं बेताचंच. मिरवायला त्यांना एवढं एक होतं आणि ते त्या पुरेपूर मिरवायच्या.

तसा करायला सोपा. सुंठ, सुकं खोबरं, खडीसाखर, खारीक, बडीशेप, खसखस. भाजायचं नाही, तळायचं नाही, शिजवायचं नाही. हे इस्तवाचं काम न्हाई, उनाचं हाय, असं आत्या सांगतात. पाडवा झाला की खोबऱ्याच्या वाट्या आणि सुंठ आमच्या गच्चीवर चैत्राच्या उन्हात पडतात. सुंठ खडखडीत वाळली की उखळात कुटून जुन्या पातळाच्या फडक्यातून गाळायची. खोबरं किसायचं. खडीसाखर जाडसरच ठेवायची, म्हणजे दाताखाली येते. मग मोठ्या परातीत सगळं दोन्ही हातांनी खालीवर करायचं. चांगला सुंठवडा आधी गोड लागतो आणि गिळताना घशाला हलकेच झोंबतो.

यात मेख एकच आहे. चव बघायची नाही. देवाच्या आधी जीभ लावली की ते उष्टं झालं. आत्या तर परातीपुढे बसताना तोंडानाकावरून पदर बांधून घ्यायच्या, कारण त्यांच्या मते कालवलेल्याचा वास घेतला तरी ते उष्टंच. म्हणून सगळी परीक्षा दुकानात व्हायची. संगमनेरच्या बाजारात त्या खोबऱ्याच्या वाटीची कड मोडून नाकाशी धरायच्या, सुंठेचं कांडं तोडून हुंगायच्या, आणि दुकानदार इकडेतिकडे बघायला लागायचा. किराणा हुंगायचा, परसाद न्हाई, हा त्यांचा कायदा. तीस वर्षांत त्यांचं नाक एकदाही चुकलं नाही.

नाक माझंही वाईट नाही. मी गावातल्या दूध संकलन केंद्रावर काम करते. कॅनचं झाकण उघडलं की मशिनच्या आधी मला कळतं, दूध नासायच्या बेताला आलंय, कालचं आजच्यात मिसळलंय, की भांडं धुतलेलंच नाही. गावातले भले भले बाप्ये माझ्यासमोर झाकण उघडताना चुळबुळ करतात. आत्यांना मात्र या कामाचं काडीचं कौतुक नव्हतं. चार बायकांत बसल्या की म्हणायच्या, आमची सून लोकाचं दूध हुंगत बसते.

मग कोरोना आला. दोन रामनवम्या मंदिराला कुलूप राहिलं. दुसऱ्या लाटेत आत्या आजारी पडल्या आणि अकरा दिवस दवाखान्यात काढून घरी आल्या. उंबऱ्यातच मला दोन गोष्टींवरून बोलल्या, म्हणून आम्ही समजलो की सगळं जागेवर आलं. एक आलं नव्हतं. त्यांना वास येत नव्हता. जिभेला गोड कळायचं, तिखट कळायचं, पण वास म्हणून काही नाही. हे त्यांनी कुणालाच सांगितलं नाही, पोटच्या पोराला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, अजिनाथलाही नाही. एकदा गॅसवर डाळ करपून घरभर धूर झाला आणि आत्या शेजारी बसून टीव्ही बघत शांतपणे लसूण सोलत होत्या. मी म्हणाले, टीव्हीत डोकं घातलं की असंच होतं. माझं तोंड हे असं चालतं.

पुढच्या वर्षी मंदिर उघडलं. आत्या एकट्याच बाजारात जाऊन सामान घेऊन आल्या. परातीजवळ त्या कुणाला फिरकू देत नसत, आणि मी तर सकाळ-संध्याकाळ केंद्रावर. रामनवमीला दुपारी पाळणा झाला, गुलाल झाला, हातावर सुंठवडा आला. मी तोंडात टाकला आणि जागच्या जागी थांबले. खोबरं खवट होतं. थोडंथोडकं नाही, पार घशापर्यंत खवट.

मी आजूबाजूला पाहिलं. मंदिराचे म्होरके हनुमंत मामा डोळे मिटून गिळत होते. आमच्या शेजारीण केशरबाई आपला वाटा पदराच्या टोकाला गाठ मारून ठेवत होत्या. कुणी अवाक्षर काढलं नाही. प्रसादाला नाव ठेवायचं नसतं. मीही ठेवलं नाही. आणि खोटं कशाला सांगू, मला आतून थोडं बरं वाटलं. आयुष्यभर माझ्या चुका काढणारी बाई एकदा चुकली, एवढा माझा आनंद. तो दिवस मावळेपर्यंतही टिकला नाही.

दरवर्षी सुंठवड्याचं पातेलं मंदिरातून रिकामं यायचं, पोरांनी तळाला बोटं फिरवून लख्ख केलेलं. त्या वर्षी ते निम्मं भरलेलं आलं. आत्यांनी आत पाहिलं आणि मला विचारलं, कसा झालाय. मी म्हणाले, चांगला झालाय. उरलेला प्रसाद टाकता येत नाही, गाईला घालतात, म्हणून त्या घमेलं घेऊन गोठ्यात गेल्या. आमची तांबू गाय गोडाला हपापलेली. गुळाचा खडा दिसला तर दावं तोडेल. तिनं घमेल्यात नाक घातलं, फुर्र केलं आणि मान फिरवली. आत्यांनी घमेलं पुन्हा पुढे केलं. तिनं पुन्हा मान फिरवली. गाईला प्रसादाची भीड नसते.

मी गोठ्याच्या दारात उभी होते. आत्यांनी मागं वळून न बघताच विचारलं,

"खोबरं खवट हुतं?"

मी दाराच्या कडीशी चाळा करत राहिले.

"व्हय का न्हाई, तेवढं सांग."

"हो," मी म्हणाले.

"मग मघाशी चांगला का म्हनलीस?"

"प्रसाद होता, आत्या."

"परसादाला न्हाई इचारलं मी. तुला इचारलं हुतं."

मला इतकी लाज वाटली की तिथून हलताही येईना. मग त्यांनीच नाकाचं सांगितलं, तांबूच्या पाठीवर हात ठेवून, दोन वाक्यांत. देवाला खवट खाऊ घातलं, असं स्वतःशीच म्हणाल्या आणि घमेलं खाली ठेवून घरात गेल्या. पुढे वर्षभर त्या माझ्याशी कामापुरतंच बोलल्या. केडगाववाली म्हणूनही हाक मारली नाही.

पुढच्या पाडव्याला मंदिरात उत्सवाची बैठक भरली. पुरुष सतरंजीवर, आम्ही बायका भिंतीला टेकून. हनुमंत मामांनी फार जपून विषय काढला. रंगूबाईंचं आता वय झालं, आजारातून उठल्या आहेत, त्यांना दगदग नको, औंदा संगमनेरहून तयार पाकिटं आणावीत. सगळ्यांनी माना डोलावल्या. किती काळजीनं, किती गोड बोलून ते तीस वर्षांचं काम काढून घेत होते, हे बघून मला चीड आली. पण गेल्या वर्षी मीच गप्प बसले होते, आता कुठल्या तोंडानं बोलू. तेवढ्यात आत्या गुडघ्यावर हात ठेवून उठल्या. बैठकीत बाई उभी राहून बोलल्याचं मी तोवर पाहिलं नव्हतं.

"भाऊजी, दगदगीचं नाव कशाला घेता? गेल्या साली खोबरं खवट हुतं, ते बोला की. माजं नाक गेलंय. आजारात गेलं ते माघारी आलंच न्हाई. ते मी लपवलं, ही माजी चूक. पर तुमी समद्यांनी खाल्लं आन गप बसले. मला गाईनं सांगितलं. एवढं गाव असताना गाईनं."

केशरबाई हळूच म्हणाल्या, परसादाला नाव कसं ठिवावं, रंगू?

"परसादाला नगा ठिवू," आत्या म्हणाल्या. "रंगूला ठिवा."

मग त्यांनी माझ्याकडे बोट केलं. सुंठवडा आमच्याच घरातून येईल, हात त्यांचा आणि नाक सुनेचं, असं त्यांनी जाहीर करून टाकलं. माझी सून समद्या गावाचं दूध हुंगती, आन तिच्या नाकाला तुमी समदे कसे भिता ते मला ठाऊक हाय, म्हणाल्या. त्यावर पुरुषांत हसू फुटलं, कारण ते खरंच होतं. शेवटची अट त्यांनी घातली ती अशी, की बिघडलं तर तोंडावर सांगायचं. हनुमंत मामांनी कान पकडल्यासारखं केलं आणि हो म्हणाले. मी भिंतीला टेकून मान खाली घालून बसले होते. बायकांना वाटलं मी लाजले. मी रडत होते, आणि ते दुःखानं नव्हतं.

बाजारात आम्ही दोघी मिळून गेलो. आत्या वाटी बोटानं वाजवून बघायच्या, आतला रंग बघायच्या, कड मोडून माझ्या हातात द्यायच्या आणि खोबऱ्याकडे नाही, माझ्या तोंडाकडे बघत राहायच्या. मी तीन दुकानांचं खोबरं नाकारलं. चौथ्यानं आतून वेगळं पोतं आणलं. त्याला वास होता तो नुकत्याच फोडलेल्या नारळासारखा. सुंठेच्या वेळी मात्र मी अडखळले. दूध मला कळतं, सुंठेशी माझी एवढी ओळख नाही. कांडं मोडून हुंगलं आणि सांगितलं, आत्या, ही जरा मवाळ वाटते, परातीत एक मूठ जास्त घालू. आत्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, पण प्रश्न विचारला नाही. जे नाक कबूल केलं त्यावर विश्वास टाकायचा, असा त्यांचा सरळ हिशोब.

रामनवमीच्या सकाळी त्यांनी माझ्याही तोंडाला पदर बांधला आणि पंधरा वर्षांत पहिल्यांदा मला परातीपुढे बसवलं. माझे हात सुंठवड्यात आणि त्यांचे हात माझ्या हातांवर. उगा घाबरू नको, म्हणाल्या. जास्तीची मूठ मी घातली.

बारा वाजता पाळणा हलला. नैवेद्य झाला आणि हनुमंत मामांनी पहिली चिमूट तोंडात टाकली. त्यांना ठसका लागला. मग केशरबाईंना लागला. पोरांच्या डोळ्यांत पाणी आलं, तरी ती नाक पुसत दुसऱ्यांदा हात पुढे करत होती. खोबरं गोड, ताजं, अगदी हवं तसं. सुंठ मात्र तेज निघाली होती, आणि माझी ती मूठ सगळ्यांच्या घशात अडकली होती. पातेल्याच्या तळाशी पोरांची बोटं फिरायला लागली. तांबूच्या वाट्याला काही उरणार नाही हे दिसतच होतं. जो तो झकास, फक्कड म्हणत होता. बैठकीतली अट बहुतेक सगळे विसरले होते.

आत्या गर्दीतून वाट काढत माझ्यापाशी आल्या. पांढऱ्या केसांत गुलाल, कपाळावर घाम. त्यांनी स्वतः अजून तोंडात काही टाकलं नव्हतं.

"कसा झालाय?"

बायका आमच्याकडे बघायला लागल्या. मला तो गोठा आठवला. प्रसाद हातात होता, देव समोर होता, आणि मला विचारणारी माझी सासू होती.

"खोबरं एक नंबर आहे," मी म्हणाले. "पण सुंठ जरा जास्त झाली, आत्या. माझी चूक आहे. मूठ मी सांगितली होती."

हनुमंत मामा घाईघाईनं म्हणाले, असू द्या, असू द्या, परसाद हाय. आत्यांनी त्यांच्याकडे लक्षच दिलं नाही. माझ्या तळहातावरची चिमूट उचलून त्यांनी तोंडात टाकली, गिळली, आणि त्यांना असा ठसका लागला की दोन बायकांनी त्यांची पाठ चोळली. डोळे पुसत त्या सरळ झाल्या. त्यांचा चेहरा मी कधी इतका फुललेला पाहिला नव्हता. त्या सुंठवडा मिरवायच्या तेव्हाही नाही. माझं मनगट घट्ट धरून त्या बायकांकडे वळल्या.

"ऐकलं का? रामाच्या दारात, समद्या गावाम्होरं, सासूच्या सुंठवड्याला नाव ठिवलं हिनं. हाय का तुमच्या कुनाच्या घरात अशी सून?"