टिटवीनं पोट भिजवलं

लातूर जिल्हा नवीन झाला, वडिलांना कलेक्टर कचेरीत कारकुनी मिळाली आणि आम्ही नांदेडहून लातूरला आलो. भाड्याच्या खोलीची मागची खिडकी थेट स्मशानभूमीवर उघडायची. दुष्काळातल्या एका उन्हाळ्यात, सकाळची शाळा आटोपली की मी दुपारभर त्या खिडकीतच बसून असायची. उन्हात सगळंच हलल्यासारखं दिसायचं. त्यातून एक मुंगूस निघायचं, थांबायचं, पुन्हा उन्हात विरून जायचं. एकदा घोरपड दिसली. खरी होती की माझा डोळा लागला होता, अजून सांगता येत नाही.

तिथंच कुंपणाजवळ माझा दीड महिन्याचा भाऊ पुरलेला होता. तापानं गेला. टँकरच्या पाण्यातलं तांब्याभर पाणी आई रोज संध्याकाळी त्याच्या मातीवर घालायची. माझ्याकडं तिचं लक्षच नसायचं. गावाच्या दुसऱ्या टोकाला वडिलांना सरकारी क्वार्टर मिळालं होतं, नळाचं.

"हातचं जाईल ते," वडील म्हणायचे.

"जाऊ द्या. लेकराला टाकून म्या न्हाई येत."

एका संध्याकाळी आई भरल्या तांब्यानिशी परत आली. त्या मातीवर टिटवीनं चार अंडी घातली होती आणि ती ओरडत आईच्या डोक्यावर झेपा घेत होती.

"माझ्याच लेकराजवळ मला जाऊ देईना! लई माजली."

मला हसू फुटलं, मग लाज वाटली.

दुसऱ्या दिवसापासून आई लांबच एका पसरट खापरात पाणी ओतायची आणि खिडकीत माझ्याशेजारी येऊन बसायची. टिटवी तुरुतुरु यायची, पाण्यात बसून पोट भिजवायची आणि तशीच ओली जाऊन अंड्यांवर बसायची.

"गार करून राहिली लेकरं," आई पुटपुटली. कितीतरी दिवसांनी तिचा हात माझ्या पाठीवर आला. भाऊ गेलेला असूनही ते दिवस मला फार आवडले. खोटं कशाला बोलू?

मग पिल्लं निघाली आणि लगोलग टिटवीमागं चालू लागली. त्यांच्यातलं पुन्हा कुणी तिकडं फिरकलं नाही. आई पाहायला गेली. टरफलं तेवढी पडली होती. तिनं ती मातीत दाबली, वर तांब्या रिता केला आणि घरी येऊन बराच वेळ रडली.

मग तोंड धुऊन वडिलांना म्हणाली, "क्वार्टरची किल्ली आणा. या पोरीला घेऊन जाऊ."