चेन्नईत मृगाची पेरणी

गाव सोडलं त्या सकाळी आईने दशम्या बाबांच्या जुन्या पत्रकांत गुंडाळून दिल्या. एस.टी. बल्लारशाच्या रस्त्याला लागली आणि मागच्या काचेत खाणीचा डोंगर दिसत राहिला. गावकऱ्यांनो, तुम्ही तो रोज बघता. कोळशावरचा मुरूम-दगड उपसून रचलेला, माझ्याच वयाचा डोंगर. त्याच्या तळाशी आपली काळी माती गाडलेली आहे. बाबा डंपर चालवायचे. माती त्यांनीच गाडली आणि त्यांनीच पत्रक काढलं : वरची माती वेगळी ठेवा, शेवटी तीच वर पसरा. पत्रकाखाली स्वतःचं नाव छापलं, म्हणून त्यांची बदली झाली. "खाली नाव नसन तं ते पत्रक नाही पोरी, अफवा हाय," हे मी अक्षरं गिरवायच्या वयात ऐकलं.

पुढचं पत्रक पाहणीच्या दिवसाबद्दल होतं. साहेब येणार म्हणून डोंगरावर रोपं खोचली, 'हरित पट्टा' अशी पाटी ठोकली. साहेब गेले, रोपं वाळली, पाटी राहिली. ती पाटी बघूनच मी खाणीने उजाड केलेली जमीन पुन्हा जिवंत करायचं काम शिकायचं ठरवलं.

काम मिळालं ते चेन्नईत. खोली मैलापूरला, आणि साइट श्रीपेरुंबुदूरच्या पुढची एक बंद दगडखाण. भोवती क्रशरच्या भुकटीचे ढीग; त्यात ना ओल टिकते ना मूळ धरतं. तिथे माती घडवायची. एरीतला, म्हणजे तलावातला, गाळ मिसळायचा, उतारावर छोटे बांध घालायचे आणि कोळिंजी पेरायची. कोळिंजी म्हणजे आपली उन्हाळीच, जांभळ्या फुलांची, गुरं जिला तोंड लावत नाहीत ती.

बियाणं राव मामांकडे असायचं. मामा तंजावरकडचे मराठी, रोपवाटिकेचे जुने माणूस. त्यांची मराठी तमिळच्या चालीवर डुलते. मृग लागला आणि मी म्हटलं, "मामा, पोती काढा."

"आत्ता? पाऊस ऐप्पसीत येतो, मा."

ऐप्पसी म्हणजे आपली दिवाळी. "दिवाळीला कोणी पेरतं का मामा?" मी हसले. इथला खरा पाऊस उशिरा येतो, हे परीक्षेत लिहून मी मार्क मिळवले होते. पण दोन संध्याकाळी सरी आल्या, भुकटीचा वास सुटला आणि माझ्या अंगातलं गाव उठून बसलं. मामांनी मान हलवली, पोती आणून दिली. चार दिवसांत उतारावर हिरवी लव आली. मी फोटो काढून घरी पाठवले. मग ऊन तापलं आणि सगळी रोपं करपली.

त्यातच पाहणीची तारीख आली. आमचे साहेब म्हणाले, "सिंपल आहे. तयार लॉन आणून अंथरू. टिकलं की नाही, नंतर कोण बघतंय? तू रिपोर्टवर सही कर."

मी लगेच नाही म्हटलं, असं लिहिलं तर ते खोटं होईल. नोकरी जायची भीती होतीच. त्याहून वाईट म्हणजे, त्या लॉनखाली माझी चूकही झाकली जाणार होती. मी पेन हातात घेतलं. समोर रिपोर्ट होता आणि डोळ्यांपुढे ती पाटी.

मी लिहिलं : 'उगवण टिकली नाही. पेरणी अवेळी झाली. निर्णय माझा होता. आणखी एक हंगाम द्यावा.' खाली पूर्ण नाव.

साहेब आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. पाहणीला आलेल्यांनी उघडे उतार पाहिले, रिपोर्ट दोनदा वाचला आणि पोंगलपर्यंत मुदत दिली. पण पेरायचं काय? नव्या शेंगा धरायला अवकाश होता. मी मामांपुढे जाऊन उभी राहिले, तर त्यांनी शेडमधून भरलेली पोती ओढून आणली.

"अर्धं बियाणं ठेवलेलं मी."

"मग सांगितलं का नाही मामा?"

"तू विचारली कोठे? हसलीस नुसती."

ऐप्पसीत पेरलं. पोंगलला कोळिंजी घोट्यापर्यंत आली होती. अजून ते जंगल नाही, साधं रानही नाही. पण एक रोप उपटून पाहिलं, तर मुळांवर माती कसदार करणाऱ्या गाठी होत्या आणि मुळांनी भुकटी घट्ट धरून ठेवली होती. मी रिपोर्टची प्रत घरी पाठवली. बाबांचा फोन आला : "वाचला. नाव हाय खाली." एवढंच बोलले.

घर म्हणजे काय, असं इथे मला विचारतात. मैलापूरची खोली आता घर आहे. पाऊस कधी येतो ते मी इथल्या माणसांना विचारते. आणि तो डोंगरही घरच आहे, कारण तो तसाच सोडून मी आले. म्हणून हे पत्रक तुमच्यासाठी. आपल्या डोंगराच्या पायथ्याशी उन्हाळी उगवते. शेंगा वाळल्या की तोडून ठेवा. मृगाआधी मी येते; तिकडे मृगच बरोबर आहे. आणि निम्मं बियाणं मला न विचारता बाजूला ठेवा.

खाली माझं नाव आहेच. आता तुमची घाला.