तंबूसाठी जागा शोधताना

मंडळी, पन्नाशीनंतर वनात जावं, हे शास्त्रवचन आम्ही नवरा-बायकोने यंदा मनावर घेतलंय. पहिल्यांदाच तंबू घेऊन रानात राहायचंय. एकच रात्र, कारण माझ्या बायकोचं, सुनीताचं डायलिसिस एक दिवसाआड असतं.

आज इथे लखनऊला, आलमबागच्या रुग्णालयात तिचं डायलिसिस चालू असताना शेजारी बसून मी तिला फोनवर जागा दाखवत होतो. नदीकाठचं एक सालवन पाहून तिने फोन बाजूला सारला.

"अहो, ही नको."

"अच्छा! बाईसाहेबांना पंचतारांकित अरण्य हवंय?"

"तसं नाही हो. फार सुंदर आहे. तिथून परत या खाटेवर यावंसंच वाटणार नाही मला."

मी ते सालवन फोनवरून पुसून टाकलं.

तर लखनऊपासून दोन तासांवर, बेताचीच सुंदर अशी एखादी जागा कुणाला ठाऊक आहे का?