सोवळ्यातला राउटर

बटण उंदीर बंद करत नाही, माणूस बंद करतो. एवढी साधी गोष्ट घरात सांगून मी थकले, कोणी विश्वास ठेवला नाही. मी चौथी पास, आणि वायफाय म्हणे शिकलेल्यांचा विषय. बरं. शिकलेल्यांनी काय दिवे लावले ते ऐका. काशीत दूधविनायकावर आमच्या घरी नेटचं कनेक्शन एक आणि बिऱ्हाडं दोन, वर दीर आणि खाली आम्ही. अशा घरात किस्से रद्दीसारखे साठतात, अधूनमधून काढून टाकावे लागतात.

*

पहिला राउटर नाना भावजींनी निवडला. भावजी बँकेतून रिटायर झालेले, त्यामुळे आधी मोबाइलवर व्हिडिओ बघून बघून अभ्यास झाला. मग गोदौलियाला दुकानात गेले. भाजी आणायची होती म्हणून मीही बरोबर.

दुकानदाराने चार शिंगांचा डबा पुढे केला. "बाबूजी, चार एंटीना है. दीवार फाड़ के जाएगा."

मी म्हटलं, "हमारी दीवार पत्थर की है भइया, हाथ भर मोटी. इसको मालूम है?"

भावजी म्हणाले, "वहिनी, तुम्ही भाजी बघा."

डबा वरच्या मजल्यावर खिडकीशी बसला. भिंत काही फाटली नाही, पण खिडकी उघडी होती. माझ्या स्वयंपाकघरात नेटची एक काडी येईना, आणि खाली गल्लीत चहाच्या टपरीवर सगळ्या काड्या! पासवर्ड लक्षात राहत नाही म्हणून भावजींनी तो ठेवलाच नव्हता. एक दिवस चहावाल्यानेच खालून हाक मारली, "बाबूजी, आज नेट बहुत स्लो है, तनी देख लीजिए. गाहक उठ के जा रहे हैं."

*

मग भावजींनी डब्यातला कागद वाचला. राउटर घराच्या मधोमध, उंच आणि मोकळ्या जागी ठेवावा. आमच्या घराच्या मधोमध देवघर. झालं, गणपतीच्या वरच्या फळीवर राउटर बसला. आणि खरं सांगते, नेट सगळीकडे यायला लागलं.

पण आमचे हे पडले भिक्षुक. म्हणाले, "देवघरात आला, म्हणजे सोवळ्यात आला. आंघोळीशिवाय कोणी हात लावायचा नाही."

आता मला सांगा, ज्या वस्तूला रोज बंद-चालू करावं लागतं ती सोवळ्यात ठेवणारं दुसरं घर आहे का काशीत?

*

मुलीची गोष्ट मध्येच सांगते, कारण सगळा जीव तिच्यात अडकलेला. मुग्धा, आमची एकुलती एक. पुण्याच्या कंपनीत नोकरी लागली. साहेबाने सांगितलं, घरी नेट नीट चालत असेल तर बनारसहून काम कर, नाहीतर पुण्याला ये. मी देवाला एवढंच मागितलं की नेट चालू दे, पोर घरात राहू दे.

आणि नेमकं तिच्या मीटिंगला नेट जायला लागलं. रोज!

*

पहिला संशय माझ्यावर. भावजी म्हणाले, वहिनींच्या मिक्सरने सिग्नल कापला जातो. म्हणून मी चटणी पाट्यावर वाटली. हात दुखले, चटणी सुंदर झाली, नेट गेलंच.

दुसरा संशय माकडांवर. भावजी गच्चीत काठी घेऊन बसले. माकडं आली, भावजींचा चष्मा घेऊन गेली. वायरीला हात नाही लावला.

*

शेवटी नेटच्या कंपनीचा माणूस आला. यांनी त्याला दारातच अडवलं. बिचाऱ्याला नळाखाली आंघोळ घातली, यांचं धोतर नेसवलं, तेव्हा कुठे देवघरात सोडलं. त्याने फळीमागे हात घातला आणि वळून म्हणाला, "पंडितजी, बटन बंद था."

हे म्हणाले, "उंदीर असेल. देवाचं वाहन आहे, त्याला काय बोलणार." दुसऱ्या दिवसापासून राउटरपाशी उंदरासाठी लाडू. लाडू तसाच राहायचा, बटण मात्र बंद.

मी म्हटलं ते तेव्हाच, सुरुवातीला सांगितलं ते, बटण माणूस बंद करतो. भावजी हसले आणि नवीन तीन डब्यांचा सेट बघायला लागले.

*

यांचंही काम खोळंबायचं. महाराष्ट्रातल्या यजमानांचा अभिषेक हे मोबाइलवर करतात. एकदा सांगलीचे यजमान समोर होते. यांनी तळहातावर पाणी घेतलं, विचारलं, "गोत्र?" यजमानांनी तोंड उघडलं आणि नेट गेलं. स्क्रीनवर नुसतं उघडं तोंड. हे पाणी धरून बसले, पाणी बोटांतून गळायला लागलं. शेवटी गोत्र ठाऊक नसेल त्याला काश्यप लावतात, तसं लावून मोकळे झाले.

नेट आलं. काश्यप लावलं हे कळल्यावर यजमान म्हणाले, "गुरुजी, आम्ही भारद्वाज. मग पुण्य कुणाकडे गेलं?"

*

या सगळ्यात एकच गोष्ट चांगली झाली असं घर म्हणत होतं. लेकीला भक्ती लागली! जिला आंघोळीला ढकलावं लागायचं, ती मीटिंगच्या आधी न सांगता न्हाऊन देवाला फूल वाहायला लागली. हे कौतुकाने सांगत सुटले. मी घड्याळ बघत होते, फूल कधी आणि नेट कधी.

साहेबाने शेवटचं बजावलं तो दिवस. सकाळी मी आंघोळ केली, देवघरात गेले आणि राउटरच्या बटणाला बोटभर काजळ फासलं.

लेकीने फूल वाहिलं. नेट गेलं. ती खोलीतून रडवेल्या आवाजात म्हणाली, "बाबा, आता पुण्याला जावंच लागेल." बाहेर आली, डोळे पुसत. डोळे कोरडे, आणि गालावर तीट लावल्यासारखा काळा ठिपका.

हे तिच्याकडे न बघताच पाटावर बसले होते. राउटरची शांतीच करून टाकू म्हणाले. तळहातावर पाणी घेतलं आणि मला विचारलं, "हं, हे विघ्न कुणाचं? गोत्र सांग, नाव सांग."

मी म्हटलं, "गोत्र तुमचंच. नाव मुग्धा."