म्हशीएवढा गेंडा

मला खोटं बोलायला जमत नाही, असं माझं स्वतःचं मत आहे. केनियातून बायकोला लिहिलेली पत्रं सोडली तर. साखर कारखान्याची यंत्रं बसवायला कंपनीनं मला तिकडे दोन वर्षं धाडलं होतं. ही पुण्यात, कडेवर दीड वर्षाची मुलगी. रविवारी मी काय करायचो? कपडे धुवायचो, खिचडी टाकायचो आणि झोपायचो. एकदा जंगलात जायचं ठरलं, तर नेमकी हगवण लागली. हे काय पत्रात लिहायचं? गेस्टहाउसमध्ये प्राण्यांचं एक रंगीत पुस्तक होतं. त्यातले हत्ती, सिंह, जिराफ मी एकेका रविवारी पत्रात सोडले. तिला वाटावं, नवरा मजेत आहे, काळजी नको.

वाटलंच. चाळीस वर्षं ही बया ती पत्रं आल्यागेल्याला तोंडपाठ म्हणून दाखवते आणि मी शेजारी बसून मान डोलावतो.

गेल्या उन्हाळ्यात आम्ही लंडनजवळ पिनरला मुलीकडे होतो. आठ वर्षांच्या नातीला शाळेत आफ्रिकेतल्या प्राण्यांचं प्रोजेक्ट होतं. मुलगी म्हणाली, "बाबा, सफारी पार्कला जाऊ या. आपल्याच कारमधून प्राण्यांमधून फिरायचं. तुम्ही गाइड!" मी गुडघा दुखतोय म्हणून बघितलं, पण कुणी दाद दिली नाही.

शनिवारी काचा वर करून आत शिरलो. मुलगी गाडी चालवत होती, नात पुढे तिच्या बूस्टर सीटवर, मागे आम्ही दोघं आणि मध्ये दशम्यांचा डबा. सिंह ढाराढूर झोपलेले.

"आजोबा, ती सिंह ओरडत का नाही?" नातीनं तिच्या मोडक्या मराठीत विचारलं.

"दुपारी नाही ओरडत," मी ठोकून दिलं.

"त्यांना सगळं माहितीये," ही म्हणाली.

पुढच्या वळणावर गाड्या थांबल्या. झाडांमागून एक गेंडा आला आणि थेट आमच्या खिडकीला लागून चालू लागला. काचेत नुसतं पोट. चिखल वाळून भेगाळलेलं राखाडी पोट, ते संपेचना. "अरे बापरे! अगं, बघ केवढा! केवढा आहे हा!" मी हिचा हात गच्च धरून ओरडलो.

गेंडा पुढे गेला. ही त्याच्याकडे बघतच नव्हती. माझ्याकडे बघत होती.

"अहो, तुम्ही तर लिहिलं होतंत, आपल्या गवळ्याच्या म्हशीएवढा असतो."

पितळ उघडं पडलं. त्या पुस्तकात एका पानावर रानम्हैस आणि समोरच्या पानावर गेंडा होता, दोन्ही चित्रं एकाच मापाची. मी भाबडेपणानं तेच लिहिलं होतं. आता लपवण्यात अर्थ नव्हता. मी सगळं सांगून टाकलं. पुस्तक, खिचडी, हगवणसुद्धा.

मुलगी स्टिअरिंगवर डोकं ठेवून हसली. "सो, आजोबांनी काहीच नाही बघितला?" नातीनं विचारलं.

ही हसली नाही. तिनं हात सोडवून घेतला. म्हातारपणी आपण हिला सगळ्यांसमोर वेडं ठरवलं, असं वाटून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

कार पार्कच्या कडेला बाकावर आम्ही डबा उघडला. तिनं सगळ्यांना दशमी वाढली, मलाही. मग माझ्याकडे न बघता बोलायला लागली.

"मला त्या पत्रांचा किती राग यायचा, माहितीये? मी पोरीचे ताप नि दात येणं निस्तरतेय, आणि तुम्ही माझ्याशिवाय हत्ती बघताय. रात्री पुन्हा पुन्हा वाचायची. पाठ झाली ती प्रेमानं नाही, रागानं झाली."

मी हातातली दशमी परत डब्यात ठेवली.

"मेलं एकदा तरी लिहायचंत, करमत नाही म्हणून."

"करमत नव्हतंच गं," मी म्हणालो. पुढे आणखी काही सांगायचं होतं, पण मुलीसमोर, नातीसमोर मला रडूच फुटलं.